हॅडली टाउनशिप, सेक्शन २७: न्यू फिलाडेल्फिया कसे वसले आणि कसे पुसले गेले

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पश्चिम कडेला, मिसिसिपी आणि इलिनॉय या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात पाइक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा घटक) आहे. तिच्यातल्या हॅडली टाउनशिपमध्ये आज मका, सोयाबीन, मधूनमधून कुरणे आणि दूर दूर एकेकटी शेतघरे दिसतात. याच टाउनशिपमध्ये १८३६ साली १४४ भूखंडांचे एक नगर रीतसर आखून काउंटीच्या दप्तरात नोंदवले गेले. त्याचे नाव न्यू फिलाडेल्फिया. ते नोंदवणारे फ्रँक मॅक्वॉर्टर सतरा वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः गुलाम होते. आफ्रिकन-अमेरिकन माणसाने नकाशा काढून कायदेशीर नोंदवलेले हे अमेरिकेतले पहिले ज्ञात नगर. पन्नास वर्षांच्या आत त्याचा मोठा भाग त्याच दप्तरातून रद्दही झाला.

या प्रकरणाचा अभ्यास बहुधा फ्रँक यांच्या कर्तृत्वाची कथा म्हणून केला जातो, आणि कर्तृत्व अफाट आहे यात शंका नाही. तरी मला वाटते की ही गोष्ट जमिनीच्या मोजणीपासून सांगितली तर जास्त उलगडते. ज्या माणसाला मत देता येत नव्हते, गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नव्हती, त्याला जमिनीच्या कागदाने एक फट मिळवून दिली. त्या फटीतून त्याने सारे कुटुंब बाहेर काढले.

आधी जमीन समजून घेऊ. आपल्याकडे गावाची शीव ओढ्याने, टेकडीने, जुन्या वहिवाटीने ठरते. तिथे शीव आधी पट्टीने आखली गेली आणि गाव नंतर आले. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने केंद्र सरकारने पश्चिमेकडच्या जमिनीचे सहा मैल बाय सहा मैल असे चौकोन पाडायला सुरुवात केली. असा एक चौकोन म्हणजे एक टाउनशिप. त्याचे एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. सेक्शनांचे क्रमांक ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली ओळ पूर्वेकडून पश्चिमेकडे, दुसरी उलट पश्चिमेकडून पूर्वेकडे, असे शेतात नांगर फिरावा तसे वळत वळत ३६ पर्यंत जातात. त्यामुळे न्यू फिलाडेल्फिया ज्यात वसले तो सेक्शन २७ म्हटला की जागा न पाहताही कळते: उत्तरेकडून पाचवी ओळ, पूर्वेकडून तिसरा चौकोन. सोळावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखलेला असे. पुढे १८४८ च्या राज्यघटनेनंतर इलिनॉयमधल्या काउंट्यांना टाउनशिपनिहाय स्थानिक कारभार स्वीकारण्याची मुभा मिळाली, आणि मोजणीचा चौकोन हाच रस्ते, कर आणि निवडणुकांचा घटक झाला. हॅडली हे अशाच एका चौकोनाचे नाव.

या भागाला आणखी एक पदर आहे. दोन नद्यांमधला हा सगळा पट्टा ‘मिलिटरी ट्रॅक्ट’ म्हणून ओळखला जाई. १८१२ च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धात लढलेल्या शिपायांना बक्षीस म्हणून देण्यासाठी सरकारने तो राखला होता. शिपायामागे १६० एकर, म्हणजे पाव सेक्शन. बहुतेक शिपाई तिकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी हक्काचे कागद सट्टेबाजांना आणि दलालांना विकून टाकले. परिणाम असा झाला की १८२०-३० च्या दशकांत इथली जमीन प्रत्यक्षापेक्षा कागदावर जास्त फिरत होती. केंटकीत बसलेल्या माणसाच्या खिशात इलिनॉयच्या गवताळ प्रदेशाचा तुकडा असू शकत होता. फ्रँक यांनी पाइक काउंटीतली पहिली जमीन अशीच, केंटकीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून, स्वतः न पाहता घेतली.

फ्रँक यांचा जन्म १७७७ चा, साउथ कॅरोलायनातला. आई ज्युडा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली. वडील बहुधा तिचा मालकच होता. १७९५ मध्ये मालकाने फ्रँक यांना केंटकीतल्या पुलास्की काउंटीत नेले. तिथे शेजारच्या मळ्यावर गुलाम असलेल्या लूसीशी त्यांचे लग्न झाले. कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हते, आणि लूसीला होणारी मुले तिच्या मालकाची मालमत्ता ठरत. १८१० च्या सुमारास फ्रँक यांचा मालक टेनेसीला राहायला गेला आणि शेताचा कारभार त्यांच्यावर सोपवून गेला. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, आणि उरलेल्या वेळात मजुरी करून मिळेल ते आपले, अशी मुभा त्यांना मिळाली.

त्या उरलेल्या वेळात त्यांनी सोऱ्याचा कारखाना काढला. ही गोष्ट थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो. केंटकीत चुनखडीच्या गुहा भरपूर, आणि त्यांच्या कोरड्या तळाच्या मातीत नायट्रेट साठलेले असते. ती माती उकरून लाकडी हौदात भरायची, वरून पाणी सोडायचे, झिरपलेले पाणी लाकडाच्या राखेतून गाळायचे, मग मोठ्या कढयांत आटवायचे. थंड झाले की सोऱ्याचे खडे धरतात. काम घाणेरडे आणि कष्टाचे. पण भांडवल म्हणाल तर फावडे, हौद, कढया आणि जळण. युद्धाच्या काळात या मालाला मागणी का आली, याचे उत्तर भारतापर्यंत पोचते. जगातला उत्तम सोरा तेव्हा बिहार-बंगालमधून निघत असे आणि तो इंग्रजांच्या ताब्यात होता. इंग्लंडशीच युद्ध पेटल्यावर अमेरिकेला तो मिळणे अवघड झाले आणि केंटकीच्या गुहांना भाव आला.

१८१७ मध्ये फ्रँक यांनी ८०० डॉलर मोजून लूसीला सोडवले. स्वतःला आधी नाही, तिला आधी. तेव्हा ती गरोदर होती, आणि आई मुक्त झाल्यामुळे पोटातले मूल मुक्त जन्मले. हा त्या क्रमामागचा हिशेब होता. दोन वर्षांनी, १८१९ मध्ये, आणखी ८०० डॉलर देऊन ते स्वतः सुटले. लोक त्यांना ‘फ्री फ्रँक’ म्हणू लागले. १८२० च्या जनगणनेतही ते याच नावाने आहेत. थोरला मुलगा, त्याचेही नाव फ्रँक, पळून कॅनडाला गेला होता. त्याला निर्धास्त परत येता यावे म्हणून १८२९ मध्ये त्यांनी सोऱ्याचा कारखानाच त्याच्या मालकाला देऊन टाकला.

या रकमा नुसत्या वाचल्या तर त्यांचे वजन कळत नाही, म्हणून त्या जमिनीच्या भाषेत मांडून पाहा. १८२० च्या कायद्याने सरकारी जमिनीचा किमान भाव एकराला सव्वा डॉलर ठरला. त्या भावाने ८०० डॉलरमध्ये ६४० एकर येतात. लूसीच्या मुक्ततेची किंमत म्हणजे एक अख्खा सेक्शन. फ्रँक यांनी हयातीत, आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार मुलांनी त्यांच्या मागे, मिळून १६ जणांना विकत घेऊन मुक्त केले. एकूण खर्च सुमारे १४,००० डॉलर. याच भावाने ती जमीन ११,२०० एकर होते, म्हणजे साडेसतरा सेक्शन. जवळजवळ अर्धी हॅडली टाउनशिप. शेजारचा गोरा शेतकरी जो पैसा जमिनीत घालून श्रीमंत झाला, तो या घराने आपलीच माणसे सोडवण्यात घातला. प्रेअरीतल्या, म्हणजे या गवताळ प्रदेशातल्या, कुठल्याही टाउनशिपचा इतिहास लिहिताना ‘कष्टाळू होते ते मोठे झाले’ असे सहज लिहिले जाते. ते वाक्य लिहिण्याआधी ही साडेसतरा चौरस मैलांची वजाबाकी समोर ठेवायला हवी.

१८३० च्या शरदात फ्रँक, लूसी आणि मुक्त झालेली मुले केंटकी सोडून निघाली आणि पुढच्या वसंतात हॅडलीच्या जमिनीवर पोचली. काही मुले आणि नातवंडे मागे केंटकीत गुलामगिरीतच होती. इलिनॉय हे कागदोपत्री गुलामगिरी नसलेले राज्य, पण तिथला ‘ब्लॅक कोड’, म्हणजे कृष्णवर्णीयांवर बंधने घालणारे कायदे, कडक होता. बाहेरून येऊन वसणाऱ्या कृष्णवर्णीयाला मुक्ततेचा दाखला दाखवावा लागे आणि १८२९ पासून १,००० डॉलरचा जामीनही मागितला जाई. मतदान नाही, गोऱ्याविरुद्ध साक्ष नाही. पुढे १८५३ मध्ये तर कृष्णवर्णीयांनी राज्यात येऊन राहण्यावरच बंदी आली. शिवाय जागा कुठली, तर मिसिसिपीपलीकडचे हॅनिबल शहर जेमतेम पंचवीस मैलांवर, आणि तिथे मिसूरी राज्यात गुलामगिरी उघड चालू. मुक्त माणसांना पळवून पुन्हा विकणाऱ्या टोळ्यांची भीती या सरहद्दीवर नेहमीचीच होती.

मग इथे नगर का वसवायचे? शेतीवर एवढा पैसा लवकर उभा राहत नाही. भूखंड विकले तर राहतो. १८३६ चा तो काळ जमिनीच्या सट्ट्याचा होता. इलिनॉयमध्ये जो तो नगर आखत होता. फ्रँक यांनी क्विन्सीच्या सरकारी जमीन कचेरीतून सव्वा डॉलर भावाने ८० एकर घेतले, एकूण शंभर डॉलर. त्यातल्या ४२ एकरांवर त्यांनी नगराचा आराखडा काढून घेतला: १४४ भूखंड, प्रत्येक ६० फूट बाय १२० फूट, आणि चौकोनी जाळ्यातले रस्ते. मोठ्या चौकोनातला लहान चौकोन. तो नकाशा पिट्सफील्डला, काउंटीच्या मुख्य गावी, नोंदवला गेला. फ्रँक यांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे लक्षात घेऊन हा व्यवहार पाहावा.

जमीन घेण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. खरी अडचण त्यानंतर होती. भूखंड घेणाऱ्याने पैसे बुडवले तर? कोणी हद्द रेटली तर? आडनावही नसलेल्या, दाद मागण्याचा भक्कम अधिकार नसलेल्या माणसाचे खरेदीखत किती टिकणार? म्हणून त्यांनी राज्य विधिमंडळाकडे अर्ज केला आणि १८३७ मध्ये व्हँडेलिया या तेव्हाच्या राजधानीतल्या अधिवेशनात त्यांच्यासाठी खास कायदा झाला. त्यांचे नाव फ्रँक मॅक्वॉर्टर ठरले, मुलांनाही ते आडनाव मिळाले, आणि दावा लावणे, दाव्यात उत्तर देणे, स्थावर-जंगम मालमत्ता घेणे व विकणे हे अधिकार स्पष्ट शब्दांत मान्य झाले. मतदानाचा अधिकार मात्र त्या कायद्याने दिला नाही. अब्राहम लिंकन तेव्हा त्याच विधिमंडळाचे तरुण सदस्य होते. दोन वर्षांनी, १८३९ मध्ये, फ्रँक आणि लूसी यांनी पाइक काउंटीत आपल्या लग्नाचीही कायदेशीर नोंद करून घेतली. चाळीसेक वर्षांच्या संसारानंतर. मला या प्रकरणातली ही नोंद सर्वांत बोलकी वाटते. कागदाची किंमत काय असते हे त्या जोडप्याइतके फार थोड्यांना कळले असेल.

नगर हळूहळू भरले. लोहार, सुतार, जोडे शिवणारे, गाड्यांची चाके बनवणारा, दुकानदार, काही काळ टपाल कचेरी. आसपासच्या शेतकऱ्याला लागणारे सगळे. गाळाच्या, वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या या जमिनीत मका जोरात येई. मका डुकरांना घालायचा आणि डुकरे नदीकाठच्या बाजाराकडे हाकायची, ही त्या पट्ट्यातली शेती. गाड्या आणि गुरे ज्या वाटेने जात तिच्यावर लोहार आणि दुकान असले की गाव चालते. १८५० च्या जनगणनेत वस्ती साठाच्या आत होती. १८६५ पर्यंत ती सुमारे १६० झाली. बहुसंख्य गोरे, साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. घरे एकमेकांच्या शेजारी. वेगळे मोहल्ले नाहीत. यामुळे वर्णभेद नव्हता असे कोणी म्हणू नये. राज्याचा ब्लॅक कोड १८६५ पर्यंत डोक्यावर होताच, आणि वर्णभेद न करणारी शाळा नगरात यायला १८७० चे दशक उजाडावे लागले. दक्षिणेतून पळून आलेल्या माणसांना फ्रँक यांची मुले कॅनडाच्या वाटेला लावत, अशी कुटुंबातली पिढ्यान् पिढ्यांची सांगी आहे. फ्रँक १८५४ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी गुलामगिरीत उरलेल्या वारसांना सोडवण्याची तजवीज केली होती, आणि मुलगा सॉलोमन याने ती पुढे नेली. सॉलोमनला स्वतःला वडिलांनी १८३५ मध्ये ५५० डॉलर देऊन सोडवले होते.

आता रेल्वे. हॅनिबल अँड नेपल्स रेल्वे १८६९ मध्ये मिसिसिपीकडून इलिनॉय नदीकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे टाकली गेली. ती बॅरी गावातून निघून पूर्वेला बेलिसकडे जाते. मधला सरळ पल्ला न्यू फिलाडेल्फियाजवळून जातो; प्रत्यक्ष रूळ मात्र उत्तरेकडे कमान घेऊन नगराला सुमारे मैलभर बाजूला टाकतात. स्टेशन हॅडली नावाने दुसरीकडे झाले. मैलभर हे अंतर आज काहीच नाही. १८६९ मध्ये ते पुरेसे होते. धान्याचे कोठार, लाकडाचा अड्डा, दुकान, सगळे रुळालगत जाते, कारण गाडीत एकदा भरलेला माल दुसऱ्यांदा उतरवायला कोणी तयार नसतो.

ही कमान का घेतली? बरीच वर्षे ‘उतार-चढावामुळे’ हे उत्तर पुरेसे मानले जाई. पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर फेनेल यांनी भूरूप आणि चढ तपासून असा युक्तिवाद केला की सरळ मार्ग शक्य होता आणि त्या काळच्या बांधकामाला मानवणाराही होता. कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या नगराला टाळण्याची वृत्ती या वळशामागे होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मला तो पटण्याजोगा वाटतो, कारण रेल्वे कंपनीला पैसा आणि पाठिंबा मिळतो तो स्थानिक वजनदार मंडळींकडून, आणि ज्यांना १८६९ मध्येही मताचा अधिकार नव्हता त्यांचे वजन कोण धरणार? पंधराव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार मिळाला १८७० मध्ये, रूळ पडून गेल्यावर. त्याच वेळी हेही खरे की रेल्वेने टाळलेली गोऱ्यांची शेकडो गावे मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, अशीच ओस पडली. फरक इतकाच की त्या गावांतला शेतकरी आपली जमीन राखून होता. मॅक्वॉर्टर घराण्याची शिल्लक माणसे सोडवण्यात गेली होती, त्यामुळे पडत्या काळात तग धरायला गाठीशी फारसे काही नव्हते. हे माझे अनुमान आहे, पण वरचा जमिनीचा हिशेब त्याला आधार देतो.

१८८० मध्ये वस्ती निम्म्यावर आली. १८८५ मध्ये नगराचा मोठा भाग कायदेशीररीत्या ‘रद्द’ झाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की भूखंड आणि रस्ते पुन्हा शेतजमीन ठरले, आणि कर भूखंडाऐवजी एकराने लागू झाला. मग नांगर फिरला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमिनीवर जुन्या नगराचे काही दिसेनासे झाले.

जुळणी पुन्हा झाली तीही दप्तरामुळेच. १९९० च्या दशकात स्थानिक रहिवासी आणि वंशजांनी न्यू फिलाडेल्फिया असोसिएशन उभी केली. २००२ मध्ये मेरीलँड विद्यापीठ, इलिनॉय विद्यापीठ आणि इलिनॉय राज्य संग्रहालय यांच्या अभ्यासकांनी नांगरलेल्या शेतात ओळीने चालत वर आलेले तुकडे गोळा केले: खापरे, खिळे, काच, विटांचे बारीक कपचे. प्रत्येक तुकड्याची जागा १८३६ च्या नकाशावर बसवली, तेव्हा ते ठरावीक भूखंडांवर दाटलेले दिसले. पॉल शॅकेल, टेरन्स मार्टिन आणि फेनेल यांच्या देखरेखीखाली नंतर विद्यार्थ्यांनी उत्खनन केले. जमीनदस्त, करयादी आणि जनगणना यांवरून कोणत्या भूखंडावर कोण राहत होते हे बरेचसे ठरवता येत होते. त्यामुळे कृष्णवर्णीय कुटुंबाच्या आणि गोऱ्या कुटुंबाच्या घरातले सामान समोरासमोर ठेवता आले. ताटे-वाट्या दोन्हीकडे त्याच पांढऱ्या, बाजारात मिळणाऱ्या. भांड्यांवरून वर्ण ओळखता येत नाही. जनावरांच्या हाडांत फरक दिसतो, पण तो मुख्यतः माणसे कुठून आली, दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून की ईशान्येकडून, याच्याशी जास्त जुळतो.

फ्रँक यांची कबर १९८८ मध्ये ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली, नगराची जागा २००५ मध्ये. २००९ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने कायदा करून ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे सोपवली. काउंटीतून जाणाऱ्या आंतरराज्य महामार्ग ७२ च्या एका टप्प्यालाही फ्रँक यांचे नाव आहे.

उत्खनन आजवर ४२ एकरांच्या लहानशाच भागात झाले आहे. लूसी, मुली आणि सुना यांच्याबद्दल खरेदीखते फार थोडे बोलतात, कारण ती बहुतेक पुरुषांच्या नावाची. स्वयंपाकघराच्या कचऱ्याचे खड्डे, कोठीघरांच्या तळाशी पडलेल्या बिया-हाडे, शिवणाची बटणे आणि अंगुस्ताने यांपासूनच पुढच्या उत्खनन करणाऱ्या चमूंनी काम सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरुषांची बाजू कागदाने पुष्कळ सांगितली आहे.